बर्गनचा सुका मासा आणि अर्नाळ्याचे बोंबील

बर्गनला आले तेव्हा पहिले काही दिवस मला इथला समुद्र समुद्र वाटलाच नव्हता. पाणी होतं, अगदी ऑफिसच्या खिडकीखाली होतं, पण आपल्या डोक्यात समुद्र म्हटल्यावर जे येतं, वाळू, लाटांचा आवाज, लांबवर सरळ रेघ, त्यातलं इथे काहीच नाही. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र डोंगरांच्या फटींतून आत घुसतो, बेटांच्या मागून वळत वळत येतो, आणि बर्गनमध्ये तर पार शहराच्या मधोमध येऊन थांबतो. त्या चिंचोळ्या बंदराला वोगन म्हणतात. एका काठाला जुन्या लाकडी घरांची लाल-पिवळी-पांढरी रांग, आतल्या टोकाला मासळी बाजार, भोवती सात डोंगर. मी वसईची, आजोळ अर्नाळ्याचं, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेल्या माणसांत वाढलेली, त्यामुळे मला ते पाणी तळ्यासारखं वाटायचं आणि इथले कोणी "आमचं शहर म्हणजे समुद्र" असं म्हणाले की मी नुसती मान हलवायचे.

मग एका शनिवारी मासळी बाजारात वास आला.

पाऊस पडत होता (तो इथे पडतच असतो, त्याच्याबद्दल पुढे सांगते) आणि त्या ओल्या हवेत तो वास आला तशी मी जागच्या जागी थांबले, कारण तो माझ्या आजीच्या माळ्यावरचा वास होता. सुक्या मासळीचा. एका स्टॉलवर हातभर लांबीचे मासे टांगले होते, डोकं काढलेले, लाकडासारखे कडक, फिकट पिवळसर. टॉरफिस्क म्हणतात त्याला, म्हणजे सुका कॉड. विकणाऱ्या बाईंना विचारलं मीठ किती लावता, तर त्या म्हणाल्या मीठ नाही, नुसता वारा. मी फोन काढून त्यांना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचा फोटो दाखवला, बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या आणि त्यावर हजारो बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले, तेही बिनमिठाचे. त्यांनी स्टॉलवरचा मासा उलटा करून शेपटीजवळची खूण दाखवली. इथे दोन मासे शेपटीला शेपटी बांधून जोडीने लाकडी मांडवावर टाकतात, ती त्या दोरीची खूण. आम्ही दोघी बराच वेळ त्या फोटोकडे आणि त्या खुणेकडे बघत होतो. दोन टोकांच्या दोन किनाऱ्यांवर लोकांना एकच गोष्ट सुचली होती आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की या शहराचा समुद्र मला कळू शकेल.

त्यानंतर चार वर्षं झाली, आणि या काळात मी बर्गनच्या समुद्राबद्दल जे काही शिकले ते बहुतेक सगळं जमिनीवर शिकले. गोदामात, म्युझियममध्ये, डोंगरावर, हवामानाच्या जुन्या नकाशांत.

आधी त्या माशाचंच सांगते. गंमत म्हणजे तो बर्गनचा नाहीच. तो येतो इथून शेकडो किलोमीटर उत्तरेच्या लोफोटन बेटांवरून. जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान बॅरेंट्स समुद्रातला मोठा कॉड अंडी घालायला लोफोटनला येतो, त्याला स्क्रेई म्हणतात, आणि नेमकं त्याच वेळी तिथलं हवामान वाळवण्यासाठी अगदी योग्य असतं: तापमान शून्याच्या आसपास, समुद्रावरून सतत वारा, माश्या अजून आलेल्या नाहीत. फेब्रुवारी ते मे मासा मांडवावर राहतो, अंगातलं बहुतेक पाणी जातं, पाच किलोचा मासा एक किलोच्या आसपास उरतो आणि मग तो वर्षानुवर्षं टिकतो. फार कडक गोठण पडली तर मास फुटतं, लवकर ऊन तापलं तर माश्या बसतात. म्हणजे हे सगळं दोन-तीन अंशांच्या फरकावर उभं आहे.

आता उत्तरेत मासा भरपूर पण धान्य पिकत नाही. दक्षिणेला जर्मन मुलखात राय भरपूर, आणि तिथली माणसं कॅथलिक, म्हणजे शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मटण बंद. आपल्याकडे उपास म्हटलं की मासा बंद, त्यांच्याकडे उपास म्हटलं की मासा सुरू! त्यामुळे न नासणाऱ्या माशाला अख्ख्या युरोपात मागणी. आणि या दोघांच्या मध्ये बर्फाने न गोठणारं एक बंदर, ते हे. परंपरेने ओलाफ किरे राजाने १०७० मध्ये शहर वसवलं असं मानतात, तेव्हा नाव ब्येर्गविन. तेराव्या शतकात तर ही नॉर्वेची राजधानीच होती. राजा होकोनने बांधलेला दगडी दरबार, होकोनशालेन, अजून बंदराच्या तोंडाशी उभा आहे, १२६१ मध्ये राजपुत्राच्या लग्नाची मेजवानी तिथे झाली होती. पण राजे गेले, राजधानी गेली, शहर मोठं राहिलं ते सुक्या माशामुळे.

१३६० च्या सुमाराला जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाने इथे आपलं कायमचं ठाणं केलं. लंडन, ब्रूज, नोव्हगोरोद आणि बर्गन, अशी त्यांची परदेशातली चार मोठी ठाणी. वोगनच्या काठाची ती लाकडी रांग, जिचे फोटो तुम्ही कॅलेंडरवर पाहिले असतील, ती म्हणजे त्यांची वखार, ब्रिगन. चारशे वर्षं ती चालली, १७५४ ला बंद झाली. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा ती घरं बाहेरून दिसतात तेवढी आनंदी नाहीत हे कळलं. अरुंद बोळ, वर एकमेकांकडे झुकलेले मजले, डांबराचा वास, सगळं लाकूड. माशाची आणि लाकडाची वखार म्हणून घरात विस्तव पेटवायला बंदी. म्हणजे नॉर्वेच्या हिवाळ्यात, काळोखात, ना चूल ना शेकोटी. शेक घ्यायचा आणि गरम जेवायचं तर मागच्या बाजूला वेगळ्या बांधलेल्या सामायिक खोल्यांमध्ये जायचं, त्यांना श्योत्स्तुअर म्हणतात. राहणारे सगळे पुरुष, लग्नाला परवानगी नाही. जर्मनीतून कोवळी पोरं शिकाऊ म्हणून यायची, कपाटासारख्या बंद पलंगांत झोपायची, आणि नव्या पोरांना "खेळ" या नावाखाली धुरात टांगणं, पाण्यात बुडवणं, चाबकाने फोडणं असले प्रकार सहन करायला लागायचे. राजाने १६७१ ला ते बंद करायला लावले. मला तिथे उभं राहून त्या पोरांचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. समुद्राच्या गोष्टीत आपण जहाजावरची माणसं आठवतो, आणि ही मुलं सगळा जन्म बंदराला खेटून गोदामात गेली, त्यांच्याबद्दल कोण बोलतं.

आणि मग मला कळलं तो व्यवहार, ज्याने मला थेट अर्नाळ्याला नेऊन सोडलं. उत्तरेतले मच्छीमार वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, येक्ट नावाच्या एका चौकोनी शिडाच्या गलबतात मासा रचून बर्गनला यायचे. इथे व्यापारी त्यांना पीठ, दोरखंड, कापड द्यायचे. पण मासा कमी पडला तरी पीठ तर लागणारच, मग ते उधारीवर, पुढच्या वर्षीच्या माशावर. आणि जोपर्यंत उधारी फिटत नाही तोपर्यंत मासा त्याच व्यापाऱ्याला घालायचा, भाव तो सांगेल तो. उधारी सहसा फिटायचीच नाही. बापाचं देणं मुलाच्या नावावर.

याला आमच्याकडे उचल म्हणतात. माझ्या आजोबांची डोल जाळ्याची होडी होती, आणि दलालाकडून जाळ्यासाठी, इंजिनासाठी घेतलेली उचल होती, त्यामुळे आजोबांनी मासळी कुठे घालायची ते ठरलेलंच. आजी त्याबद्दल कधी तक्रारीच्या सुरात बोलली नाही, ती फक्त आकडे सांगायची, किती घेतले, किती फिटले, कोणत्या साली वादळ झालं. पण एक गोष्ट मात्र मी दोन्हीकडे नीट बघते. उचल देणारा माणूस नसता तर जाळंच आलं नसतं, उत्तरेतल्या त्या लोकांकडे तर हिवाळ्यात पीठच पोचलं नसतं. म्हणून हे नुसतं शोषण म्हणून सोडून देता येत नाही, आणि उपकार म्हणून तर मुळीच नाही. समुद्राची जोखीम कोणाच्या तरी अंगावर पडतेच, आणि ती ज्याच्याकडे कमी पैसे त्याच्या अंगावर जास्त पडते, एवढं मला नऊशेहून जास्त वर्षांच्या बर्गनमधून आणि एका होडीच्या अर्नाळ्यामधून सारखंच दिसलं.

हे फक्त माझं म्हणणं नाही, त्या काळच्या माणसाच्या अक्षरातलं आहे. ४ जुलै १९५५ ला ब्रिगनला आग लागली आणि रांगेतला मोठा भाग जळाला. शहरात तेव्हा उरलेलंही पाडून टाका म्हणणारे लोक होते. पण आस्ब्यर्न हेर्टाइग नावाच्या पुरातत्त्वज्ञाने त्या जळक्या जागेवर खोदायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं खोदत राहिला, आणि जमिनीतून लाकडाच्या चपट्या काठ्या निघायला लागल्या ज्यांच्यावर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोरलेलं होतं. साडेसहाशेच्या वर मिळाल्या. तोपर्यंत रून म्हणजे राजांचे, वीरांचे दगडावरचे लेख अशी समजूत, आणि इथे निघाल्या मालाच्या चिठ्ठ्या, हे पोतं अमक्याचं. प्रेमाच्या ओळी. एकीवर फक्त एवढंच, की ग्यूदा म्हणते आहे, घरी ये. बहुधा नवरा कुठेतरी पीत बसला असावा आणि तिने निरोप धाडला असावा.

आणि एक पत्र आहे, तोरे नावाच्या व्यापाऱ्याने हावग्रीम या भागीदाराला लिहिलेलं. देवाचा नि माझा नमस्कार, आणि मग सरळ विषयावर: माझं काही ठीक चाललेलं नाही भागीदार, बियर मिळाली नाही, मासाही मिळाला नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहितो, तगादा लावू नकोस. अमक्याला यातलं कळू देऊ नकोस. मला हातमोजे पाठव. सिग्रीदला काही लागलं तर दे. मी ते म्युझियममध्ये वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. धंदा बुडतोय, थंडीने हात गारठलेत, आणि तरी शेवटी सिग्रीदची काळजी. ती त्याची कोण होती ते त्या काठीवर लिहिलेलं नाही.

हेर्टाइगच्या खोदकामात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला रूनपेक्षाही जास्त आवडते. मूळ किनारा आजच्या धक्क्यापासून कितीतरी आत होता. शहर दर आगीनंतर थोडं थोडं समुद्रात सरकत गेलं, जळकी लाकडं, राडारोडा, कचरा, त्यावर लाकडांचे पिंजरे करून नवा धक्का, पुन्हा आग, पुन्हा पुढे. १७०२ च्या आगीत तर शहराचा बराचसा भाग गेला आणि लोकांनी ब्रिगन पुन्हा जसंच्या तसं जुन्याच पद्धतीने बांधलं, आपण आज बघतो ते हेच. म्हणजे ते घर उभं आहे स्वतःच्याच राखेवर, आणि त्या राखेखाली समुद्राचं पाणी. ते पाणी तिथे असायलाच लागतं बरं का. मध्यंतरी शेजारच्या नव्या बांधकामामुळे जमिनीतली पाण्याची पातळी उतरली तर खालच्या लाकडाला हवा लागून ते कुजायला लागलं, घरं खचायला लागली, आणि मग इंजिनिअर लोकांनी बरीच खटपट करून पावसाचं पाणी जमिनीत मुरवून पातळी परत वर आणली. १९७९ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे, ६२ इमारती उरल्यात, आणि त्या ओल्या राहिल्या तरच टिकणार.

पाऊस मात्र हवा तेवढा आहे. वर्षाला साधारण २२०० मिलिमीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ मुंबईएवढाच. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथे दोनशेहून जास्त दिवसांवर पसरून पडतो. २००६ च्या ऑक्टोबर अखेरीपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत सलग ८५ दिवस पडला होता. अटलांटिकवरून उबदार ओला वारा येतो, त्याला हे सात डोंगर आडवे येतात, झालं. ज्या उबदार प्रवाहामुळे बंदर गोठत नाही त्याच्यामुळेच हा पाऊस.

याच पावसाने आणि याच समुद्राने या शहराकडून एक काम करून घेतलंय जे फार थोड्यांना माहीत असतं, आणि ते मला प्रत्येक मराठी माणसाला सांगावंसं वाटतं. १९१७ मध्ये विल्हेल्म ब्येर्कनेस नावाचा शास्त्रज्ञ जर्मनीतल्या लाइपझिगहून बर्गनला आला. पहिलं महायुद्ध चालू, समुद्रावरून आणि ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद, देशात अन्नाची टंचाई, मच्छीमार आणि शेतकरी अंधारात. ब्येर्कनेसने १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षणांचं दाट जाळं उभं केलं, दीपगृहाचे रखवालदार, मच्छीमार, किनाऱ्यावरची साधी माणसं वारा-ढग बघून कळवायची. एवढ्या जवळजवळच्या नोंदी नकाशावर आल्यावर त्याच्या तरुण मुलाला, याकोबला, आणि सोबतच्या पोरांना दिसलं की वादळात गरम हवा आणि थंड हवा यांच्यामध्ये एक धारदार सीमारेषा असते. तिला त्यांनी युद्धातला शब्द दिला, फ्रंट. आज जगातल्या कुठल्याही हवामानाच्या नकाशावर त्या रेषा असतात आणि त्या पहिल्यांदा या गावात काढलेल्या आहेत, बोटी बुडू नयेत म्हणून.

आता पुढचं. हा याकोब नंतर अमेरिकेत गेला, आणि १९६९ मध्ये त्याने दाखवून दिलं की पॅसिफिकचं पाणी तापणं, ज्याला आपण एल निनो म्हणतो, आणि हवेच्या दाबाचा एक मोठा झोका, हे एकाच यंत्रणेचे दोन भाग आहेत. तो दाबाचा झोका आधी कोणी शोधला होता? गिल्बर्ट वॉकरने, जो १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचा प्रमुख होता. १८९९ च्या भयंकर दुष्काळानंतर मान्सून आधी सांगता येतो का, हा प्रश्न घेऊन तो सिमल्याला बसून जगभरचे आकडे तपासत होता. याकोब ब्येर्कनेसने पॅसिफिकवरच्या त्या हवेच्या चक्राला वॉकरचंच नाव दिलं. आणि ते सिमल्याचं ऑफिस १९२८ मध्ये कुठे आलं? पुण्याला! शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक. मी कॉलेजची चार वर्षं त्या चौकातून बस पकडलीय, नाव असं का हा विचारही कधी केला नव्हता. आज मे महिन्यात मराठी बातम्यांत "यंदा एल निनो, पाऊस कमी" असं सांगतात तेव्हा त्या वाक्याच्या मागे एक धागा सिमला ऑफिसचा आहे आणि दुसरा बर्गनच्या मच्छीमारांच्या त्या रोजच्या नोंदींचा.

असाच एक दुवा आहे, पण तो आठवला की पोटात कालवतं. २० एप्रिल १९४४. जर्मनांच्या ताब्यातलं बर्गन. होकोनशालेनच्या समोर धक्क्याला लागलेल्या फोरबोडे नावाच्या डच बोटीत सव्वाशे टनांच्या आसपास स्फोटकं होती, सकाळी पावणेनऊच्या आधी ती उडाली. दीडशेहून जास्त माणसं गेली, हजारो जखमी, बंदराचा काठ पेटला, सातशे वर्षांच्या होकोनशालेनचं छप्पर जळालं. बोटीच्या नांगराचा तुकडा उडून सांडविकच्या डोंगरावर जाऊन पडला, मी वर चढून बघून आलेय, त्या उंचीवरून खाली बंदर केवढंसं दिसतं. आता तारीख बघा. त्याच्या बरोबर सहा दिवस आधी, १४ एप्रिल १९४४ ला, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाची बोट उडाली होती, कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच पोटात घेऊन. ६६ अग्निशमन जवान त्यात गेले, एकूण माणसं शेकड्यांनी. आपल्याकडे त्यांच्या आठवणीत १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. बर्गनचा दिवस त्या सप्ताहाचा शेवटचा दिवस. यात कुणी काही जुळवलेलं नाही, पण दरवर्षी २० एप्रिलला इथे धक्क्यावर गेले की मला दोन्ही बंदरं आठवतात. बंदर असणं म्हणजे दुसऱ्यांचं युद्ध आपल्या दाराशी नांगर टाकून उभं राहणं, हे दोन्ही शहरांना एकाच आठवड्यात कळलं.

शहराच्या मुख्य चौकात खलाशांचं स्मारक आहे, १९५० मध्ये उभारलेलं, खाली बारा पुतळे, वायकिंग काळापासून विसाव्या शतकापर्यंतचे समुद्रावरचे लोक. लोक त्याच्या पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खातात, पोरं चढतात, तसं ते जिवंत स्मारक आहे. बंदरावर लाइफ लार्सनचाही पुतळा आहे, तो इथलाच, युद्धात मासेमारीच्या साध्या बोटींतून शेटलंड बेटांवरून नॉर्वेला हिवाळ्याच्या काळोखात माणसं आणि शस्त्रं आणणाऱ्यांपैकी. तो वीर होताच. पण मला जास्त विचार येतो व्यापारी जहाजांवरच्या त्या साध्या खलाशांचा. नॉर्वेची हजाराच्या आसपास जहाजं दोस्त राष्ट्रांसाठी काफिल्यांत चालली, जवळजवळ निम्मी बुडाली, साडेतीन हजारांहून जास्त खलाशी गेले. त्यांच्या जादा पगाराचे पैसे एका फंडात बाजूला ठेवले होते, ते युद्धानंतर त्यांच्या हातात पडलेच नाहीत, कोर्टात गेले तिथेही हरले, आणि शेवटी १९७२ मध्ये संसदेने मोबदला मंजूर केला. सत्तावीस वर्षं. पुन्हा तीच उधारी, फक्त या वेळी देणेकरी सरकार होतं.

त्याच काफिल्यांमधल्या ब्रिटिश बोटींच्या इंजिनरूममध्ये, डेकवर, आपले रत्नागिरीकडचे कोकणी खलाशीही होते. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं जुनं वसतिगृह आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या भारतीय व्यापारी नौदलातल्या सहा हजारांच्या आसपास माणसांची नावं एका पुस्तकात लिहून ठेवली आहेत. मुंबईत इतकी वर्षं जाऊन-येऊन असून मी ते बघायला गेले नव्हते. बर्गनचं स्मारक बघितल्यावर गेले.

मासा संपू शकतो, हेही या शहराने लवकर विचारात घेतलं. १९०० मध्ये सागर संशोधन संस्था निघाली. योहान योर्ट या शास्त्रज्ञाने हेरिंग माशाच्या खवल्यांवरची वलयं मोजून, जशी झाडाच्या खोडाची मोजतात तशी, माशांची वयं काढली, आणि दाखवलं की मासा कमी-जास्त होतो तो एखाद्या वर्षीची पिल्लं किती जगली त्यावर. १९०४ साली जन्मलेला हेरिंग कितीतरी वर्षं जाळ्यात येत राहिला होता. एवढं कळूनही १९६० च्या दशकात नवी यंत्रं घेऊन याच लोकांनी हेरिंग जवळजवळ संपवला, आणि तो सावरायला वीसेक वर्षं लागली. मला यात त्यांना नावं ठेवायची नाहीत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झालं कारण ते कमी कमी मिळायला लागलंय, आणि तरी बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटं मी स्वतः बघितलीत. पण इथे लोकांना एक अनुभव आहे, की थांबलं तर मासा परत येतो. आमच्या अर्नाळ्यात हे अजून कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही, म्हणून तिथे थांबा म्हणणं फार जड जातं.

गेल्या डिसेंबरला घरी गेले तेव्हा आजीसाठी एक अख्खा टॉरफिस्क नेला, चार पदरी प्लॅस्टिकमध्ये बांधून. आजी पंच्याऐंशीची आहे, आता वाळवणाचं काम मामी बघते, आजी नुसती ओट्यावर बसून कावळे हाकते आणि सूचना देते. तिने तो मासा हातात घेतला, नखाने टोचला, नाकाशी नेला, शेपटीजवळ दाबून बघितला. लोफोटनला माशाची प्रत ठरवणारा माणूस असतो, व्राकर म्हणतात, तो नुसतं बघून, हुंगून, बोटाने चाचपून वीसेक प्रती वेगळ्या करतो. अगदी तसंच.

"मीठ नाय लावलंय," आजी म्हणाली.

"नाही. वाऱ्यावरच."

"किती दिवस?"

"तीन महिने."

तिला ते फार वाटलं. बोंबील कडक उन्हात काही दिवसांत वाळतो. मी तिला सांगितलं तिकडे ऊन नसतंच, गारवा असतो, वर पाऊस पण पडतो मध्ये मध्ये. त्यावर ती जरा चिडलीच, पावसात वाळवण कसं होईल, किडे पडतील. मी म्हटलं आजी, थंडी एवढी असते की किडेच नसतात, माशी सुद्धा उठत नाही. तिने बराच वेळ विचार केला. मग विचारलं, वाळवतात कोण, बाया का?

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. तिथे कॉडच्या जिभा कापायचं काम शाळेतली पोरं करतात आणि त्याचे पैसे त्यांना स्वतःला मिळतात, हे सांगितलं तर तिला फार आवडलं. आणि ब्रिगनच्या ग्यूदाची चिठ्ठी सांगितली, ती ऐकून आजी आणि मामी दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की मला पुढचं सांगताच येईना.

मासा भिजत घालायला पाच-सहा दिवस लागतात, आणि त्याआधी तो ठेचावा लागतो. मामाने अर्धा करवतीने कापला, अक्षरशः लाकडाच्या करवतीने, आणि आजीने सांगितलेल्या दगडावर वरवंट्याने ठेचला. रोज पाणी बदलून सहाव्या दिवशी मामीने कांदा, कोकम आणि आमचा बाटलीतला मसाला घालून रस्सा केला. आजीने दोन तुकडे खाल्ले. बोंबलासारखा नाही, म्हणाली, पण वाया जाण्यासारखाही नाही.

उरलेला अर्धा तिने परत भिजवू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेले तर मामीने बोंबलांच्या दोरीच्या टोकाला तो सुतळीने शेपटीला बांधून टांगला होता, आणि जाणारी-येणारी बायामाणसं थांबून त्याला हात लावून बघत होती.